तारे जन्मायचे थांबतात ते वायू संपला म्हणून?

आकाशवेडा (मुलुंड)

पाऊस सरला की मुंबईतसुद्धा उशिरा रात्री पूर्वेला मृग दिसायला लागतं आणि आकाशदर्शनाच्या प्रत्येक गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "मृगातल्या तेजोमेघात तारे जन्माला येतायत. वायू आहे तोवर जन्मतील, वायू संपला की थांबेल." यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा अर्धवट आहे, आणि हा धागा त्यासाठीच काढलाय.

माझं म्हणणं आधीच मांडतो. बहुतेक दीर्घिकांमध्ये (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहांमध्ये) तारे जन्मायचे थांबतात तेव्हा आसपास वायू भरपूर असतो. तो थंड होत नसतो, किंवा आत पोचत नसतो. विश्वात हायड्रोजनला तोटा नाही, थंड हायड्रोजनला आहे.

थंडच का लागतो? तारा व्हायचा तर ढग स्वतःच्या गुरुत्वाने आत कोसळायला हवा. त्याला अडवतो वायूचा दाब, आणि दाब वाढतो तापमानाबरोबर. किती तापमानाला केवढा ढग कोसळेल याचं गणित जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्येच मांडलं. आकाशगंगेत जिथे तारे घडतात त्या रेणूमेघांचं तापमान असतं १० ते २० केल्विन, म्हणजे उणे २५० अंश सेल्सिअसच्याही खाली. आणि मेघ म्हटलं तरी एका घन सेंटिमीटरमध्ये काहीशे ते काही हजार रेणू. प्रयोगशाळेतली नेहमीची निर्वात पोकळीसुद्धा याहून कितीतरी दाट असते.

इतक्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळपास काहीच प्रारण सोडत नाही. म्हणून तो आपल्याला दिसत नाही, आणि एकटाच असता तर एवढा निवलाही नसता. उष्णता बाहेर टाकायचं काम करतात धूळ आणि कार्बन मोनॉक्साईडसारखे किरकोळ प्रमाणातले रेणू. त्या कार्बन मोनॉक्साईडची २.६ मिलिमीटरची रेषा (म्हणजे तो रेणू ठरावीक तरंगलांबीला सोडतो ते प्रारण) विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांना १९७० मध्ये पहिल्यांदा सापडली ती मृगाच्याच तेजोमेघात. तेव्हापासून थंड वायू मोजायला खगोलशास्त्रज्ञ तीच रेषा वापरतात.

आता कोडं. आकाशगंगेत असा रेणूरूप वायू साधारण १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका आहे. हे सगळे मेघ बिनअडथळा कोसळले असते तर वर्षाला शेकडो सूर्यांएवढे तारे घडले असते. प्रत्यक्षात घडतात एक ते दोन सूर्यांइतके. झुकरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच या तफावतीवर बोट ठेवलं होतं. मेघ कोसळायला जेवढा वेळ लागावा तेवढ्या वेळात त्यातला जेमतेम एक-दोन टक्के वायू ताऱ्यांत रूपांतरित होतो.

हाच हिशेब उलट्या बाजूने करून बघा. वर्षाला एकच सूर्य धरला तरी १०० कोटी सूर्यांचा साठा १०० कोटी वर्षांत संपायला हवा. अणुरूप हायड्रोजन (ज्याचे अणू अजून सुटे आहेत, रेणू झालेले नाहीत) जमेस धरला तरी काहीशे कोटी वर्षांच्या पुढे गाडी जात नाही. आकाशगंगेचं वय आहे सुमारे १३०० कोटी वर्षं. म्हणजे बाहेरून वायू सतत येत राहिला आहे. दीर्घिकेचं आयुष्य तिच्याजवळ आज वायू किती आहे यापेक्षा तो येत राहतो का, यावर ठरतं.

चर्चा व्हावी. शंका विचारा, हरकती घ्या.

पार्लेकरीण

छान मांडलंय. माझी शंका अगदी मुळातली. एखाद्या दीर्घिकेत तारे जन्मायचे थांबलेत हे कळतं कसं? कुठेतरी वाचलं होतं की रंगावरून. निळी म्हणजे चालू, तांबडी म्हणजे बंद. पण धुळीमुळेही तांबूस रंग येतोच की. संध्याकाळी दादर चौपाटीवरून दिसणारा सूर्य लाल असतो, तो काही म्हातारा झालेला नसतो.

आकाशवेडा (मुलुंड)

पार्लेकरीण, शंका अगदी रास्त आहे, आणि फक्त रंगावर विसंबलं तर नेमकी तिथेच फसगत होते.

रंगाचं कारण ताऱ्यांच्या आयुष्यात आहे. सूर्यासारखा तारा सुमारे १००० कोटी वर्षं जगतो. त्याच्या वीसपट वस्तुमानाचा निळा-पांढरा तारा एका कोटीच्या आसपास वर्षांत आटोपतो. त्यामुळे निळा प्रकाश दिसला की समजायचं, इथे खगोलशास्त्राच्या हिशेबाने 'आत्ताच' तारे घडलेत. जन्म थांबले की निळे तारे आधी जातात आणि मागे राहतात दीर्घायुषी पिवळे-तांबडे. म्हणून कन्या राशीच्या दिशेच्या दीर्घिकासमूहातल्या मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका तांबूस दिसतात.

धूळ ओळखायची तर अवरक्त किरणांत बघायचं. धूळ ताऱ्यांचा निळा आणि अतिनील प्रकाश शोषते, तापते आणि तीच ऊर्जा दूर-अवरक्तात बाहेर टाकते. सप्तर्षींच्या दिशेची, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवरची एम ८२ ही दीर्घिका बघा. साध्या प्रकाशात धुळीने मळलेली, पण अवरक्तात झगझगीत, कारण आत तारे धडाधड जन्मतायत. खरोखर थांबलेली दीर्घिका अवरक्तातही मंदच असते. दुसरी खूण म्हणजे तप्त हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषा. ती उठायला अतिनील प्रकाश ओकणारे तरुण तारे लागतात. (म्हातारे तारे आणि मध्यवर्ती कृष्णविवरही थोडीफार उठवतात, ते वजा करावं लागतं.)

कांदिवलीचा_कॅमेरा

त्या ६५६ नॅनोमीटरच्या रेषेबद्दल मुंबईकरांसाठी भर घालतो. गच्चीवरून तारे दिसत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी फक्त ही रेषा आत सोडणारा फिल्टर वापरून बघावा. रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड अडतो आणि हायड्रोजन तेवढा उरतो. कांदिवलीच्या गच्चीवरून, खाली हायवे वाहत असताना, मृगाचा तेजोमेघ असा उमटतो की कडांवरच्या धाग्यांसारख्या वायूच्या रेषाही दिसतात.

त्या फोटोत मधोमध चार ताऱ्यांचा चौकोन येतो, ट्रॅपेझियम. लहान दुर्बिणीतूनही चारही वेगळे दिसतात. त्यातला सर्वांत तेजस्वी थीटा-वन ओरायनिस सी. तेजोमेघाचा बहुतेक झगमगाट या एकट्याच्या अतिनील प्रकाशामुळे. म्हणजे १३५० प्रकाशवर्षांवरचा जो देखणा प्रकाश आपण बघतो, तो तारे घडवणाऱ्या मेघाचा नाही. तो मेघ त्याच्या मागे आहे, अंधारा आणि थंड. आपण बघतो तो या ताऱ्याने तापवून उधळायला घेतलेला पुढचा पापुद्रा.

२०१९ मध्ये सोफिया या विमानातल्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसलं की या ताऱ्याच्या वाऱ्याने भोवतालच्या वायूचा एक प्रचंड बुडबुडा फुगवलाय. त्याची भिंत सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने बाहेर सरकतेय. त्या जागी आणखी तारे घडू शकले असते, तिथला वायूच बाजूला लोटला गेलाय.

आकाशवेडा, तुमच्या एक-दोन टक्क्यांच्या कोड्याचं उत्तर इथेच असावं ना?

आकाशवेडा (मुलुंड)

मोठा भाग, हो. ताऱ्यांचे वारे, त्यांच्या प्रकाशाचा दाब आणि पुढे अतिनवताऱ्यांचे (मरणाऱ्या मोठ्या ताऱ्यांचे) स्फोट मिळून मेघ काही कोटी वर्षांत विस्कटून टाकतात. त्याच्या आधीपासून मेघातली खळबळ आणि चुंबकीय क्षेत्रं कोसळण्याला विरोध करत असतातच. कोणाचा वाटा किती, यावर अजून जोरदार वाद आहेत. आकाशगंगेच्या मध्याजवळच्या पट्ट्यात तर दाट वायू भरपूर असूनही तारे अपेक्षेच्या साधारण दहाव्या हिश्शानेच घडतात.

ठाकूर्ली_लोकल

वाचनखूण साठवली. सावकाश पुन्हा वाचणार.

सोसायटी_सेक्रेटरी

विषय माझा नाही, पण मला जे समजलं ते आमच्या इमारतीच्या भाषेत मांडतो, बरोबर आहे का सांगा. नळाला पाणी नाही की सगळे म्हणतात पाणी संपलं. पण कारणं तीन वेगवेगळी असतात. एक, महापालिकेचं पाणीच आलं नाही. दोन, खालची टाकी काठोकाठ आहे पण पंप चालत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत काही चढत नाही. तीन, वरच्या टाकीलाच गळती आहे. दीर्घिकांचंही असंच आहे का?

आकाशवेडा (मुलुंड)

सेक्रेटरीसाहेब, तुमची तिन्ही कारणं अभ्यासकांच्या यादीत जशीच्या तशी आहेत.

पाणीच न येणं: रिचर्ड लार्सन, बीट्रिस टिन्स्ली आणि नेल्सन काल्डवेल यांनी १९८० मध्ये मांडलं की दीर्घिकेकडे येणारा वायू तुटला तर ती आहे त्यात काही काळ चालवते आणि हळूहळू विझते.

पंप बंद: इथे १९७७ च्या रीस आणि ऑस्ट्रायकर यांच्या कामाचा आधार आहे. मोठ्या दीर्घिकेत पडणारा वायू वाटेत आदळून दहा लाख अंश किंवा त्याहून जास्त तापतो. तो निवायला लागणारा वेळ पडायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त झाला की वायू प्रभामंडळात, म्हणजे दीर्घिकेभोवतीच्या विरळ, गोलसर आवरणात लोंबकळत राहतो. कृष्ण पदार्थासकट (जो दिसत नाही, फक्त गुरुत्वाने जाणवतो) एकूण वस्तुमान साधारण एक लाख कोटी सूर्यांच्या पुढे गेलं की हे प्रकर्षाने घडतं.

गळती: स्फोटांनी किंवा कृष्णविवराने वायू बाहेर फेकणं, नाहीतर दीर्घिकांच्या गर्दीत तो ओरबाडला जाणं.

तुमच्या उदाहरणात एक गोष्ट मात्र बसत नाही. इमारतीत पाणी वापरणारे टाकी फोडत नाहीत. इथे वायूतून घडलेले तारेच टाकी फोडतात.

आता यातलं नेमकं कोणतं कारण, हे अब्जावधी वर्षांनंतर कसं ओळखायचं? यासाठीची एक युक्ती मला फार आवडते. तारे मरताना लोह, ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्यं वायूत मिसळतात. बाहेरचा ताजा वायू आला की ती विरळ होतात. समजा वायू एकदम फेकला गेला, तर तारे घडणं तिथेच थांबेल आणि ताऱ्यांतल्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण होतं तेवढंच राहील. पण पुरवठा तुटला आणि उरलेला वायू हळूहळू संपत गेला, तर शेवटच्या पिढ्यांतले तारे अधिकाधिक जड मूलद्रव्यांचे होत जातील. पेंग, मायोलिनो आणि कॉक्रेन यांनी २०१५ मध्ये सुमारे २६,००० दीर्घिकांच्या वर्णपटांत हेच तपासलं. थांबलेल्या दीर्घिकांमध्ये जड मूलद्रव्यं स्पष्टपणे जास्त निघाली. त्यांचा निष्कर्ष असा की अगदी महाकाय सोडल्या तर बहुतेक दीर्घिकांचा पुरवठाच तुटला, आणि तिथून विझायला साधारण ४०० कोटी वर्षं लागली.

जुन्नरकर

पुरवठ्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या तालुक्यातल्या दुर्बिणीचं नाव आलंच पाहिजे. नोकरीनिमित्त भांडुपला असतो, पण मूळ गाव नारायणगावच्या पट्ट्यात. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या, बाकीच्या वाय आकारात द्राक्षबागांमध्ये आणि शेतांमध्ये पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, आणि चालवते ती पुण्यातली एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र), म्हणजे आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचीच (टाटा मूलभूत संशोधन संस्था) शाखा.

अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटरला, १४२० मेगाहर्ट्झवर लहरी सोडतो. पण संकेत इतका क्षीण असतो की दूरच्या एकेका दीर्घिकेचा वेगळा पकडणं अशक्यप्राय. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये काय केलं बघा. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिका घेतल्या. विश्वाच्या प्रसरणामुळे त्यांच्या लहरी ताणल्या जाऊन ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास आल्या होत्या. प्रत्येकीच्या जागी मिळालेला नुसता गोंगाट एकावर एक रचला, सरासरी काढली, आणि त्यातून हायड्रोजन वर आला.

निकाल थेट या धाग्याशी निगडित आहे. त्या काळात दीर्घिकांकडे अणुरूप वायू भरपूर होता, पण तारे इतक्या वेगाने घडत होते की तो १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. सबंध विश्वात तारे घडण्याचा वेग सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी शिगेला होता आणि आज तो साधारण दहापट कमी झालाय. घट का झाली असावी याचं एक उत्तर या मोजणीतून मिळतं: वायूचा खर्च वेगाने होत होता आणि नवा वायू त्या गतीने आला नाही.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं, गावोगावच्या शाळांची मुलं येतात. मुंबईकरांना माळशेज घाटातून जाता येतं. त्या तबकडीखाली एकदा उभं राहून बघा.

पार्लेकरीण

जुन्नरकर, हे माहीत नव्हतं. गोंगाट एकावर एक रचून संकेत काढणं ही कल्पनाच केवढी सुंदर आहे! लेकीला घेऊन नक्की जाणार.

गणितगुरू

हरकत घ्यायला सांगितलीत म्हणून घेतो. दीर्घिका विझल्या की आजकाल सगळं बिल कृष्णविवरावर फाडलं जातं. क्वेसार, म्हणजे सर्वांत जोमाने खाणारी कृष्णविवरं, पुष्कळदा वायूने समृद्ध, तारे घडवणाऱ्या दीर्घिकांतच सापडतात. कृष्णविवर तारे थांबवत असेल तर तिथे आधी थांबायला हवेत. मुळात आपल्या सूर्यमालेएवढ्या आकारमानाची वस्तू लाखभर प्रकाशवर्षांच्या दीर्घिकेचं भवितव्य ठरवते, हे पटायला पुरावा लागेल.

आकाशवेडा (मुलुंड)

गुरुजी, ऊर्जेचा हिशेब आधी घेऊ. कृष्णविवरात पडणाऱ्या वस्तुमानाचा साधारण दहावा हिस्सा ऊर्जा म्हणून बाहेर पडतो असं धरलं, तर मोठं कृष्णविवर वाढताना बाहेर पडलेली ऊर्जा ही दीर्घिकेचा मधला फुगवटा बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या अनेक पट भरते. त्यामुळे ताकद पुरते का, हा प्रश्न उरत नाही. ती वायूपर्यंत पोचते कशी हा खरा प्रश्न, आणि तुमची क्वेसारची हरकत तिथे वजनदार आहे. एका झटक्यात सगळा वायू उडवून दिला हे चित्र मलाही सरसकट पटत नाही.

पण ययातीतल्या दीर्घिकासमूहाकडे बघा. अंतर सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षं. मध्ये एनजीसी १२७५ ही दीर्घिका आणि भोवती कोट्यवधी अंश तापमानाचा वायू, क्ष-किरणांत झळाळणारा. क्ष-किरण सोडतोय म्हणजे ऊर्जा गमावतोय, म्हणजे निवायला हवा, आणि मध्यभागी वर्षाला शेकडो सूर्य घडायला हवेत. घडतात त्याच्या तुलनेत फारच थोडे. चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीतून त्या वायूत मोठमोठ्या पोकळ्या दिसल्या, कृष्णविवराच्या झोतांनी फुगवलेल्या, आणि त्यांच्याभोवती वर्तुळाकार लहरी. २००३ मध्ये त्या ध्वनिलहरी असल्याचं जाहीर झालं. एका लहरीनंतर दुसरी यायला जवळपास एक कोटी वर्षं लागतात. ही हळुवार, सततची आंच वायूला निवू देत नाही.

म्हणून माझ्या मते कृष्णविवर दीर्घिकेला विझवतं की नाही हे प्रकरणागणिक बदलेल, पण विझलेलीला पुन्हा पेटू न देण्याचं काम ते करतं याचा पुरावा भक्कम आहे. कन्या समूहातली एम ८७ हे दुसरं उदाहरण. ५.५ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, कृष्णविवर ६५० कोटी सूर्यांचं, तेच ज्याची प्रतिमा एप्रिल २०१९ मध्ये जाहीर झाली. तिचा झोत हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच टिपला होता.

गणितगुरू

पुन्हा पेटू न देणं, हे मान्य. विझवण्याबद्दल माझी शंका कायम. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने आणखी अडचण केलीय. जीएस-९२०९ ही दीर्घिका विश्व १२५ कोटी वर्षांचं असताना दिसते, आणि त्याआधीच तिच्यात तारे घडायचे थांबलेले. तुमची ४०० कोटी वर्षांची संथ उपासमार तिथे बसत नाही.

आकाशवेडा (मुलुंड)

नाहीच बसत. तिच्यात काहीतरी जलद घडलं असणार, आणि तिच्यातही वाढतं कृष्णविवर असल्याच्या खुणा वर्णपटात आहेत. सुरुवातीच्या विश्वातल्या महाकाय दीर्घिका आणि आजच्या मध्यम दीर्घिका एकाच रीतीने विझल्या असाव्यात असा आग्रह मी धरणार नाही.

निशाचर

गळतीबद्दल कोणी फारसं बोललं नाही. दीर्घिकांच्या गर्दीत शिरणाऱ्या दीर्घिकेला समोरून तप्त वायूचा मारा बसतो. १९७२ मध्ये गन आणि गॉट यांनी त्याचं गणित दिलं. तारे जागच्या जागी राहतात, वायू तेवढा मागे ओढला जातो. लांबलचक शेपट्या फुटलेल्या या दीर्घिकांना जेलीफिशचं नाव पडलंय. जेओ २०१ नावाची अशी एक दीर्घिका समूहात सेकंदाला ३,००० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने घुसतेय. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने कोशी जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी तिच्या शेपटीतही नवे तारे जन्मताना टिपलेत. ओरबाडून बाहेर गेलेला वायूसुद्धा संधी मिळाली की तारे घडवतो.

आणखी एक. देवयानी दीर्घिका बघायची असेल तर अमावस्येच्या आसपास वांगणीला जा. साध्या द्विनेत्रीतून धूसर डाग दिसतो. २५ लाख प्रकाशवर्षांवरच्या त्या डागात तारे घडण्याचा वेग आपल्यापेक्षा कमी झालाय. निळ्या आणि तांबड्या दीर्घिकांमधल्या ज्या पट्ट्याला हिरवी दरी म्हणतात, तिथे तिची गणना होते.

अकरावी_सायन्स

सगळं वाचलं, काही दोनदा. मग आपली आकाशगंगा कधी थांबणार?

आकाशवेडा (मुलुंड)

बाळा, तारीख कोणी देऊ शकणार नाही, पण परिस्थिती काय आहे ते सांगता येतं.

प्रभामंडळासकट आकाशगंगेचं वस्तुमान मी वर दिलेल्या लाख कोटी सूर्यांच्या उंबरठ्यावरच आहे. भोवती तप्त वायू आहे. मध्यावरचं कृष्णविवर चाळीस लाखांहून थोड्या जास्त सूर्यांचं, म्हणजे एम ८७ पुढे किरकोळ, आणि सध्या शांत. पूर्वी ते, किंवा मध्याजवळचे तारे, शांत नव्हते. २०१० मध्ये गॅमा किरणांत सापडलेले फर्मी बुडबुडे (मध्यातून बाहेर फेकल्या गेलेल्या पदार्थाचे फुगे) आकाशगंगेच्या प्रतलाच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षं पसरलेत.

दुसऱ्या बाजूला, बाहेरून वायू येतोय हे आपण प्रत्यक्ष बघतो. १९६३ मध्ये गेल स्मिथ यांना सापडलेला स्मिथ मेघ हा किमान दहा लाख सूर्यांइतका हायड्रोजन घेऊन आकाशगंगेच्या दिशेने येतोय आणि साधारण तीन कोटी वर्षांत आदळेल. त्याहून कितीतरी जास्त वायू मॅगेलनी मेघांमागे पसरलेल्या प्रवाहात आहे. (नावात मेघ असला तरी या आकाशगंगेजवळच्या दोन लहान दीर्घिका.) मोठा मॅगेलनी मेघ मुंबईहून दक्षिण क्षितिजाला इतका चिकटून असतो की दिसणं दुरापास्त, पण आकाशगंगेच्या पुढच्या आयुष्यात त्याचा वाटा मोठा असणार. डरहॅम विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये केलेल्या गणितानुसार तो सुमारे २४० कोटी वर्षांनी आपल्या आकाशगंगेत विलीन होईल. त्यातला वायू मध्यावर पोचला तर कृष्णविवर खायला लागेल आणि प्रभामंडळ तापवेल. तोच वायू आकाशगंगेच्या चपट्या तबकडीत स्थिरावला तर नवे रेणूमेघ होतील. किती वायू कुठे जाईल, यावर सगळं अवलंबून आहे.